पाटीवर ‘दिली’ कोरू नका : सांगलीतल्या आमच्या मंडळीच्या पंच कमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीतले भाऊबहीण,

प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आपण पाटीचा मजकूर वाचून दाखवलात. फाटकाशेजारच्या भिंतीत संगमरवर बसवायचा, त्यावर ‘ज्या मिशनऱ्यांनी आम्हांस सुवार्ता दिली, त्यांच्या कृतज्ञ स्मरणार्थ’ असं कोरायचं आणि खाली पाच नावं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन जेवायला बसलो आणि दुसऱ्या घासाला तो शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली आला. ‘दिली’.

दोन पंचांना फोन केला. एक हसले. म्हणाले, दिवाणजी, आयुष्यभर पट्ट्या लिहिल्यात, आता अक्षरं मोजत बसलाय. दुसरे म्हणाले, लिहून द्या, बैठकीत ठेवू. म्हणून हे लिहितोय. उघड लिहितोय, कारण पाटीही उघड्यावरच लागणार आहे. रस्त्यावरून जाणारा कोणीही ती वाचणार आणि आपण कोण, आपल्याकडे जे आहे ते कुठून आलं, हे तिच्यावरून ठरवणार.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरू करतो. एकतीस वर्षं मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी करायची. किती पोती, वजन किती, दर काय, मालाची रक्कम किती. त्याखाली वेगळ्या ओळीत हमाली, वेगळ्या ओळीत तोलाई. या ओळी कधी एकमेकींत मिसळायच्या नाहीत, हे आमच्या शेठनी पहिल्याच दिवशी शिकवलं. हमाल दिवसभर पोती वाहतो. आकड्यानं पोतं ओढतो, पाठीवर घेतो, संध्याकाळपर्यंत मानेपासून कमरेपर्यंत पिवळा होतो. घरी गेला तरी अंगाचा हळदीचा वास जात नाही. त्याच्या हमालीत एक रुपया कमी झाला तर ते पाप आहे. पण म्हणून हळद त्याची होत नाही. तीस वर्षांत एकाही हमालानं ‘मी तुम्हाला हळद दिली’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तुकोबांनी स्वतःला धन्याच्या मालाचा हमाल म्हणवून घेतलं, ते बाजार जवळून बघितलेल्या माणसाचं बोलणं आहे.

मिशनऱ्यांची हमाली बुडवा, असं मी म्हणत नाही. कॅनडातून आलेल्या वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उघडला. आपल्यातल्या किती घरांचं मूळ त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे, हे मी पंचांना सांगायला नको. माझंही तिथंच आहे. माझा आजा तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात वतनी महारकी करायचा. पोटाचं दुखणं विकोपाला गेलं तेव्हा भावकीनं त्याला बाजल्यावर घालून मिरजेला आणलं. ऑपरेशन गोऱ्या डॉक्टरनं केलं. पण येशूची गोष्ट सांगितली ती एका बायबलबाईनं. नऊवारी नेसलेली, आपल्याच भागातली विधवा बाई. ती रोज दुपारी खाटेशेजारी बसायची आणि बोटानं ओळ धरून वाचायची. आजा म्हणायचा, डाक्टरला माझी बोली कळत नव्हती नि मला त्याची, बाईनं सांगितलं म्हणून समजलं.

त्या बाईचं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. पाटीवरच्या पाच नावांत ती नाही आणि तिच्यासारखं कोणीच नाही. ही पहिली तक्रार, आणि ती लहान आहे. मोठी पुढे आहे.

आजाचं गावातलं एक काम दवंडी पिटायचं होतं. सारा भरायची तारीख, तलाठ्याचा सांगावा, पटकीची साथ, जे काही असेल ते चावडीपुढून सुरू करून वेशीपर्यंत ओरडत जायचं. लोक दवंडी ऐकायचे, हुकूम पाळायचे, आणि ओरडून घसा कोरडा पडलेल्या माणसाला पाणी वरून ओतायचे. कोणी हुज्जत घातली तर आजाचं एक ठरलेलं उत्तर होतं : “हुकूम माझा न्हाई, सरकारचा हाय. मी फकस्त सांगतुया.”

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘युआंगेलियॉन’. आपण त्याला सुवार्ता म्हणतो, जुनी माणसं शुभवर्तमान म्हणतात. तो शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाच्या जुन्या शहरात एक शिलालेख सापडला, इसवी सनापूर्वी ९ चा. त्यात ऑगस्टस बादशहाच्या जन्माला हाच शब्द लावलाय. म्हणजे हा दरबाराकडून निघालेल्या आनंदाच्या बातमीचा शब्द, दवंडीचा शब्द. तो उचलून पहिल्या मंडळीनं एका गालीली सुताराला लावला, त्याच रोमन बादशाहीनं क्रुसावर मारलेल्याला. शब्दातच रचना आहे : हुकूम वरचा, ओरडणारा खालचा.

आता पौल, सुवार्ता घेऊन गावोगाव फिरलेला प्रेषित. त्यानं गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिलेलं पत्र काढा आणि शेजारी त्याची इतर पत्रं ठेवा. एरवी त्याची रीत अशी की सलाम झाला की ज्यांना लिहितोय त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायचे. करिंथच्या मंडळीत इतकी भांडणं, तरी तिच्यासाठी आभार आहेत. गलतीकरांच्या पत्रात ते नाहीत. सलाम झाला आणि लगेच झापायला सुरुवात. कारण कोणीतरी येऊन त्यांना सांगितलं होतं की पौलानं दिलेली सुवार्ता अर्धीच आहे, सुंता करून घ्या म्हणजे पुरी होईल. ‘पौलानं दिलेली’ हाच त्यांचा मुद्दा होता. माणसानं दिलेली असेल तर दुसरा माणूस तिच्यात भर घालू शकतो, काटछाट करू शकतो. पौलाचं उत्तर पहिल्याच अध्यायात आहे : ही सुवार्ता माणसाची नाही, मला ती माणसाकडून मिळाली नाही, कोणी शिकवली नाही, येशू ख्रिस्तानं ती मला प्रकट केली. आणि त्याच्याही आधी तो म्हणून बसलाय की आम्हीच, किंवा आकाशातून उतरलेला दूत, वेगळं काही सांगू लागला तर तो शापित असो. ‘आम्ही’ हा शब्द वाचताना आपण घाईनं पुढे जातो. तो स्वतःलाही सोडत नाही. उद्या मीच वेगळं बोललो तर माझं ऐकू नका, असं तो लिहून देतोय. आपल्या मालाबद्दल कोणी असं लिहून देत नाही.

इथे चलाख वाचक हटकेल, आणि आपल्या शब्बाथशाळेतल्या एका मुलीनं मला हटकलंच. म्हणाली, काका, करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला म्हणजे शिष्य पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेंहून अधिक जणांना. मग इकडे मिळालं म्हणतो आणि तिकडे माणसाकडून नाही म्हणतो, यातलं खरं काय? आणि ‘दिलं’ हा शब्दही तिथे आहे की!

चांगला प्रश्न. मी आठ दिवस त्यावर होतो. मला जे समजतं ते असं. बातमीतल्या गोष्टी पौलाला ठाऊक होत्याच. ज्यांना तो घराघरांतून ओढून काढत होता, ते काय सांगतात हे त्याला माहीत नसेल? दिमिष्काच्या वाटेवर येशूचं दर्शन झालं, त्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पंधरा दिवस केफाकडे राहिला. पंधरा दिवस दोघं हवापाण्याच्या गप्पा नक्कीच मारत बसले नसतील. म्हणजे कोण मेला, कुठे पुरला, कोणाला दिसला, हे त्याला माणसांकडून मिळालं आणि ते तो लपवत नाही. पण झाडावर टांगलेला तो देवाचा शापित, हे त्याच्या नियमशास्त्रात लिहिलेलं. तोच टांगलेला प्रभू आहे, हे त्याला पेत्राच्या सांगण्यावरून पटलेलं नाही. पेत्राला भेटायच्या तीन वर्षं आधीच ते त्याला पटलं होतं, आणि तेही मनाविरुद्ध, अटकेचे कागद हातात असताना. वाहून आणणारे अनेक, उगम एकच. म्हणून ‘दिलं’ म्हणायच्या आधी तो ‘मला मिळालं’ म्हणतो. पाटीवर आपण नुसतंच ‘दिली’ लिहिणार आहोत.

आणि आता गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय, ज्यावर आपल्या मंडळीत प्रवचन झालेलं मला तरी आठवत नाही. अंत्युखियाची पंगत. पेत्र तिथे विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहुदी रीत पाळणारी माणसं आली तसा तो हळूच मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी सरले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. जेवणातून उठला, एवढंच. कोणाला शिवी दिली नाही, कोणाचा बाप्तिस्मा नाकारला नाही. आणि पौलानं सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही.

जरा थांबून बघा कोण कोणाला बोलतंय. प्रभूबरोबर पाण्यावर चाललेला पेत्र, आणि मागून आलेला, मंडळीचा छळ केलेला पौल. सुवार्ता पेत्राची असती तर पंगतीचा नियम बदलायचा हक्कही पेत्राचा होता. तसं झालं नाही. पौल पेत्राला आपल्या मताशी ताडून बघत नाही. सुवार्ता दोघांच्याही वर आहे, आणि तिथे पेत्र उणा पडला.

ज्यांच्या आजाला पाणी वरून ओतलं, त्यांना पंगत म्हणजे काय हे ग्रीक शिकून कळायची गरज नाही. आमची आजी सांगायची, बाप्तिस्म्यानंतर मिरजेत पहिलं प्रीतिभोजन झालं तेव्हा तिच्या शेजारी पूर्वाश्रमीची ब्राह्मण बाई बसली. आजीचा घास हातातच राहिला. ती बाई म्हणाली, “जेवा की, गार होतंय.” आमच्या घरी सुवार्ता सांगायची झाली की आजी एवढीच गोष्ट सांगायची. आणि आज आपल्याच माणसांच्या लग्नाच्या बोलणीत चहाचे कप खाली ठेवता ठेवता आवाज उतरतो : “तसं आपल्यात काही नसतं, पण मूळचे तुम्ही कोण?” गेल्या वर्षी माझ्या पुतणीचं जमत आलेलं स्थळ याच प्रश्नावर फिरलं. कोणाचं ते सांगत नाही, ते उपासनेला येतात आणि येत राहावेत. पण सुवार्ता ही आपली मिळकत आहे असं मानलं की माणूस तिच्यात आपली सोय बघतो, हे मी जवळून पाहिलंय.

याचीच दुसरी बाजू मंगल कार्यालयं भाड्यानं घेऊन होणाऱ्या सभांत दिसते. मागच्या उन्हाळ्यात एका सभेला बायकोच्या आग्रहानं गेलो. वक्ते म्हणाले, काल रात्री प्रभूनं मला या शहरासाठी नवा संदेश दिलाय. संदेशाच्या शेवटी पाकिटं फिरली, जेवढं पेराल तेवढं उगवेल म्हणून. मिशनऱ्यानं दिली म्हणा किंवा मला नवी मिळाली म्हणा, खोट एकच : दोन्हीकडे सुवार्ता माणसाची होते. यावर जास्त लिहीत नाही, पंचांना सगळं ठाऊक आहे.

राहिला बाहेरच्यांचा प्रश्न. ‘दिली’ कोरलं की रस्त्यावरचा माणूस वाचणार : गोऱ्यांनी दिलेला धर्म. हे आपण जन्मभर ऐकत आलोय आणि आता स्वतःच्या खर्चानं दगडावर लिहून देतोय. केरळात कोल्लमला सुरियानी ख्रिस्ती मंडळीला ताम्रपट मिळाले ते इसवी सन ८४९ मध्ये. मिरजेच्या दवाखान्याच्या एक हजार पंचेचाळीस वर्षं आधी, वास्को द गामाचा पणजाही जन्मला नव्हता तेव्हा. आणि गोऱ्यांना तरी कोणी दिली? नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल आशियातून समुद्र ओलांडून मासेदोनियाला जातो, आणि युरोपात पहिल्यांदा जिचं मन उघडतं ती लुदिया, जांभळ्या कापडाची व्यापारी, ती स्वतः मूळची आशियातल्या थुवतीराची. आपल्या शेजारच्या साताऱ्यात रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही येशूभक्तांसाठी. त्या टिळकांच्या हाती नवा करार पहिल्यांदा पडला तो १८९३ मध्ये, राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. त्यानं पुस्तक हातात ठेवलं आणि आपल्या वाटेनं गेला.

आमच्या गाळ्याशेजारी एक चाचा आहेत, मिरचीचे व्यापारी. हे पत्र लिहितोय म्हटल्यावर म्हणाले, “दिवाणजी, आमची किताबबी आस्मानातूनच उतरली. तुमचं नवं काय?” समोरच्या दुकानातले जोशी म्हणाले, वेद तर अपौरुषेयच आहेत. दोघांनी मला मधे घेतलं. मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण पाटी वाचून उद्या आपल्या पोरांना हेच विचारलं जाणार आहे.

आपण असं म्हणत नाही की अक्षरं वरून पडली. शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच लिहितो की डोळ्यांनी पाहिलेल्यांनी सांगितलेलं मी नीट शोधून क्रमानं लिहिलं. हे अगदी माणसाचं काम, जवळजवळ दिवाणजीचं. मार्काची ग्रीक ओबडधोबड आहे, लुकाची सफाईदार. येशू बोलला बहुतेक अरामी आणि चारही शुभवर्तमानं ग्रीकमध्ये. म्हणजे आपल्या हाती पहिल्या दिवसापासूनच भाषांतर आहे. म्हणून बंगालातल्या सेरामपूरला १८११ मध्ये मिशनरी विल्यम कॅरीनं छापलेला मराठी नवा करार किंवा पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघालेलं मराठी पवित्र शास्त्र ही मूळ वस्तूची नक्कल नव्हे. बायबलबाईच्या बोटाखालच्या ओळीत आजाला मिळालं ते पुरं मिळालं. दैवी आहे ते भाषेत नाही, घडलेल्या गोष्टीत आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याच्यात आहे.

चाचा म्हणाले, हे तुम्ही म्हणता. खरंय, मी म्हणतो. तोलकाट्यावर टाकून दाखवता येईल अशी ही गोष्ट नाही. एवढं मात्र दाखवता येतं की माणसानं खपवायला बनवलेला माल असा नसतो. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर भिंतीच्या गिलाव्यावर खरवडलेलं एक चित्र सापडलंय, साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचं मानतात. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, त्याच्याकडे बघत हात वर केलेलं एक पोरगं, खाली वेडीवाकडी ग्रीक अक्षरं : अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. वर्गातल्या पोरांनी करावी तशी टिंगल. क्रूस म्हणजे गुलामांचं आणि बंडखोरांचं मरण, त्यावर मेलेला देव म्हणून सांगणं हे तेव्हा असं दिसायचं. रिकाम्या कबरीच्या पहिल्या साक्षीदार बायका, ज्यांच्या साक्षीला तेव्हा कोणी फार वजन देत नसे. (पौलाच्या यादीतून तर त्या गळल्याच आहेत.) आणि मंडळीचा खांब म्हणवला जाणारा पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारतो, हे चारही शुभवर्तमानांत जसंच्या तसं ठेवलंय. एकानंही ते खोडलं नाही. याच्यापुढे विश्वासाची हद्द लागते, हे मी दोघांना सांगितलं. चाचांनी चहा मागवला, जोशींनी पैसे दिले.

पंचांनो, माझी विनंती एका ओळीची आहे. ‘ज्या मिशनऱ्यांनी आणि ज्या देशी भाऊबहिणींनी सुवार्ता आमच्यापर्यंत पोहोचवली, त्यांच्या कृतज्ञ स्मरणार्थ’ असं करा. पाच नावं आहेत तशी राहू द्यात, माझं काही म्हणणं नाही. काल मी पाटीवाल्याकडे जाऊन आलो. दगड घासून झालाय, अक्षरांची आखणी शुक्रवारी करणार म्हणाला, छिन्नी शनिवारी लागेल. तो अक्षरावर पैसे घेतो. नव्या मजकुरात जितकी अक्षरं वाढतील त्यांचे पैसे मी भरतो. पावती मंडळीच्या नावानं करा, आणि खर्चाच्या वहीत ती रक्कम हमाली म्हणून वेगळ्या ओळीत लिहा.

आपला,
मंडळीतला एक जुना सभासद, निवृत्त दिवाणजी
सांगली